गळावरचा कर आणि जीवाणीचा नियम



अमेरिकेत नद्या-तळ्यांतले मासे जगवण्यासाठी तिथल्या राज्यांकडे जो पैसा येतो, त्याचा काही भाग मासे पकडण्याच्या गळांवरच्या करातून येतो. हे वाचून तुमच्यापैकी अनेकींच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू द्यात. कृत, कारित आणि अनुमोदन, तिन्हींचा दोष लागतो हे आपण पाठशाळेत शिकलो आहोत. गळ विकून आलेल्या पैशातून मासा वाचवायचा, हे आपल्या न्यायोपार्जित धनाच्या कल्पनेत बसणारं नाहीच. तरीही हा इतिहास आपण वाचायला हवा असं मला वाटतं. जीवदयेसाठी पैसा आपणही काढतो, पावत्या फाडतो, आणि तो पैसा जिवापर्यंत कसा पोचतो हे मात्र क्वचितच विचारतो.

गोष्ट बरीच मागे सुरू होते. नद्यांमधले मासे कमी होत चालले म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारने १८७१ साली एक मत्स्य आयोग नेमला. पैसा सरकारी तिजोरीतला. या आयोगाने काय करावं? १८७७ साली जर्मनीहून ३४५ कार्प मासे आणले, तळ्यांत वाढवले आणि त्यांची पिल्लं रेल्वेने देशभर पाठवली. लोक आपापल्या खासदाराकडे कार्पसाठी अर्ज करत. आपल्याकडे आमदाराकडे बोअरवेल मागतात तसं! पंचवीस-तीस वर्षांत हाच कार्प तळ उकरून पाणी गढूळ करणारा, तिथल्या मूळच्या माशांना हुसकावणारा उपद्रव ठरला. हेतू चांगला होता आणि पैसाही होता, पण पाणी कुणाचं आणि त्यात मूळचं कोण राहतं, हे कुणी पाहिलं नव्हतं.

पुढे राज्यांनी मासे पकडणाऱ्यांकडून परवाना फी घ्यायला सुरुवात केली. त्यात एक गोम होती. फी जमायची मासे-खात्यात आणि राज्य सरकार ती उचलून रस्त्यांना नाहीतर आणखी कशाला लावायचं. १९३७ साली शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला. त्याच धर्तीवर १९५० साली माशांसाठी कायदा आला. मिशिगनचे जॉन डिंगेल आणि कोलोरॅडोचे एडविन जॉन्सन या दोघांनी तो मांडला, म्हणून त्याला डिंगेल-जॉन्सन कायदा म्हणतात. ९ ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची सही झाली.

कायद्याची रचना हिशेबी बायकांना आवडेल अशी आहे. गळाच्या काठ्या, दोऱ्याची रिळं, कृत्रिम आमिषं यांवर १० टक्के कर, आणि तो भरायचा कारखानदाराने. गोळा झालेला पैसा राज्यांना वाटायचा. वाटपाचा ४० टक्के भाग राज्याच्या जमीन-पाण्याच्या क्षेत्रफळावर आणि ६० टक्के भाग तिथल्या परवानाधारकांच्या संख्येवर. कुठल्याही राज्याला ५ टक्क्यांहून जास्त नाही. कामाच्या खर्चातले १०० पैकी ७५ केंद्राने द्यायचे आणि २५ राज्याने स्वतः उभे करायचे. सगळ्यात महत्त्वाची अट ही, की परवाना फीचा पैसा मासे-खात्याबाहेर वळवणार नाही असा कायदा राज्याने आधी करायचा, तरच हा निधी मिळणार. देवद्रव्य दुसरीकडे वापरायचं नाही हे आपल्याकडे जसं कडक असतं, तशीच ही अट. ध्रुवफंडाला हात लावायचा नाही म्हणून भांडणारी एखादी आजी प्रत्येक मंदिराच्या कमिटीत असते. त्या आजीचं काम तिथे या कायद्याने केलं. पैसा टिकला तो या एका कलमामुळे. १९८४ साली कराची व्याप्ती वाढवली आणि मोटारबोटींच्या इंधनावरच्या कराचा वाटाही त्यात आणला.

मग यात बिघडलं काय?

कायद्यातच एक शब्दयोजना होती. मासा म्हणजे कोणता? तर खेळासाठी किंवा करमणुकीसाठी ज्याला मोल आहे तो. म्हणजे गळाला लागून झुंज देणारा, फोटोत मिरवता येणारा. ज्याला कुणी पकडायला जात नाही असा बोटभर मासा या व्याख्येत बसतच नव्हता. पैसा देणारा जसा, तशी त्या पैशाची आवड. हे आपल्याकडेही दिसतं. मंदिराच्या कळसाला देणगीदार लगेच मिळतो, गटाराच्या पाइपला मिळत नाही.

त्या काळची नजर कशी होती याचा सगळ्यात विदारक दाखला १९६२ सालचा आहे. कोलोरॅडो नदीला मिळणारी ग्रीन नदी वायोमिंग आणि युटा या राज्यांतून वाहते. तिच्यावर फ्लेमिंग गॉर्ज नावाचं धरण बांधून होत आलं होतं. धरणाच्या जलाशयात रेनबो ट्राउट सोडायचा होता. हा मासा त्या खोऱ्यातला नाही, पण गळवाल्यांचा लाडका. नदीतले मूळचे मासे त्याच्या वाटेत येतील, म्हणून दरवाजे बंद करण्याआधी नदीच 'साफ' करायची असं ठरलं. त्या मूळच्या माशांना सरकारी कागदांत शब्द वापरला जाई तो कचरा या अर्थाचा.

सप्टेंबर १९६२ मध्ये ग्रीन नदी आणि तिच्या उपनद्यांच्या सुमारे ७०० किलोमीटर पात्रात रोटेनोन नावाचं विष सोडलं. वनस्पतीच्या मुळांतून काढलेलं हे द्रव्य माशाच्या शरीराला ऑक्सिजन वापरूच देत नाही. ७५ हजार लिटरहून अधिक विष वापरलं गेलं. खालच्या अंगाला पोटॅशियम परमँगनेट टाकून ते निष्प्रभ करायचं ठरलं होतं. ते पुरलं नाही आणि विष पुढे डायनासोर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत, म्हणजे संरक्षित पाण्यात गेलं. हे सगळं ज्यांनी केलं ती खाती मत्स्यसंवर्धनाचीच होती. असंख्य पंचेंद्रिय जीव, आणि वहीत नोंद 'संवर्धन'. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

कोण होते हे 'कचरा' मासे? कोलोरॅडो पाइकमिनो, म्हणजे जुन्या काळी माणसाच्या उंचीचा वाढणारा, अंडी घालायला शेकडो किलोमीटर प्रवास करणारा मासा. पाठीवर धारदार उंचवटा असलेला रेझरबॅक सकर. बारीक शेपटीचा बोनीटेल. दऱ्यांच्या खळाळत्या पाण्यात राहणारा, पाठीला कुबड असलेला हम्पबॅक चब. जगात हे मासे कोलोरॅडोच्या खोऱ्याबाहेर कुठेच मूळचे नाहीत.

मिशिगन विद्यापीठाचे मत्स्यशास्त्रज्ञ रॉबर्ट रश मिलर यांनी आधीपासून विरोध केला होता. नंतर गदारोळ झाला आणि १९६३ साली अंतर्गत खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी यापुढे अशा कामांत मूळच्या दुर्मीळ जातींचा आधी विचार करायचा, असे आदेश दिले. सगळा दोष विषाला देणं मात्र बरोबर होणार नाही. विष काही दिवसांत वाहून गेलं. धरण राहिलं. खोल जलाशयाच्या तळातून सुटणारं गारठणक पाणी या उबदार पाण्याच्या माशांना सोसेना, आणि पुराच्या पाण्याने भरणाऱ्या काठच्या उथळ जागा, जिथे पिल्लं वाढत, त्या कोरड्या पडल्या. विष एकदाच दिलं होतं, घर मात्र कायमचं मोडलं.

या माशांना पुढे पैसा मिळाला तो गळाच्या करातून नाही. पाइकमिनो आणि हम्पबॅक चब १९६७ साली धोक्यातल्या जातींच्या यादीत आले. १९७३ साली त्यासाठी भक्कम कायदा झाला. १९८८ साली केंद्र सरकार, राज्यं, पाणी वापरणारे शेतकरी आणि वीजवाले यांनी मिळून वरच्या कोलोरॅडो खोऱ्यासाठी पुनरुज्जीवन कार्यक्रम सुरू केला, आणि २००० सालच्या कायद्याने त्याच खोऱ्यातल्या धरणांच्या वीजविक्रीतला काही पैसा त्याला जोडून दिला. बंधाऱ्यांना बगल देणारे माशांचे रस्ते बांधले, मत्स्यबीज केंद्रं काढली. ज्या फ्लेमिंग गॉर्जपायी नदीला विष घातलं होतं, ते धरण आता मूळच्या माशांच्या गरजा पाहून वसंतात पाणी सोडतं. २०२१ साली हम्पबॅक चब 'अति धोक्यातला' वरून एक पायरी सुधारला. बोनीटेलचं तसं नाही. तो आज बीज केंद्रात वाढवून सोडावा लागतो म्हणून आहे. स्वतःच्या बळावर त्याची वंशवेल नदीत चालत नाही. एका दुपारचा निर्णय आणि त्याचा खर्च साठ वर्षं!

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मिसूरी नावाचं राज्य आहे. तिथल्या काही नागरिकांनी म्हटलं, नद्या आणि जंगलं सगळ्यांची आहेत, तर फक्त शिकारी आणि गळवाल्यांनीच पैसा का द्यावा? त्यांनी सह्या गोळा केल्या आणि १९७६ साली प्रश्न सार्वजनिक मतदानाला टाकला. निसटत्या बहुमताने राज्यघटनेत दुरुस्ती झाली. विक्रीकरात एक अष्टमांश टक्क्याची भर, आणि ती फक्त संवर्धनासाठी. १०० डॉलरची खरेदी केली तर साडेबारा सेंट. म्हणजे चादरी, भांडी, मुलांचे बूट घेणारी प्रत्येक गृहिणी नकळत नदीला पैसे देते. मासा न पकडणाऱ्यांनी माशासाठी दिलेला पैसा! यात कुणाचा गळ नाही आणि कुणाच्या करमणुकीचं मोलही नाही. मिनेसोटाने २००८ साली याच वाटेने तीन अष्टमांश टक्के कर लावला, आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश हिस्सा थेट पाणी शुद्ध राखण्यासाठी ठेवला.

मिसूरीच्या खात्याने ज्या कामांना हात घातला, त्यातलं एक सांगते. टोपेका शायनर नावाचा बोटभर मासा, जेमतेम सात सेंटिमीटर. गवताळ माळांवरच्या स्वच्छ ओढ्यांत राहायचा, नांगरटीच्या गाळाने हटत गेला. त्याला कुणी गळाने पकडत नाही आणि कुणी खातही नाही. २०१३ पासून खात्याने तो बीज केंद्रात वाढवून उत्तर मिसूरीतल्या ओढ्यांत परत वसवायला घेतला. ओढे कुठले निवडले? त्याच्या मूळ प्रदेशातलेच, आणि वरच्या अंगाचं गवताचं रान राखलेले. आपल्याकडे तांदूळ मत्स्याची कथा प्रत्येकीला पाठ आहे. तांदळाच्या दाण्याएवढ्या माशाच्या भावांचाही हिशेब मांडणारा आपला धर्म आणि अठराव्या तीर्थंकरांचं, अरनाथ भगवंतांचं लांछनच मीन. त्यामुळे बोटभर माशासाठी राज्यघटनेत कलम घालणारे लोक मला फार परके वाटले नाहीत.

हे सगळं अमेरिकेत झालं, आपला काय संबंध, असं म्हणाल तर लोणावळ्याला चला. टाटांच्या वीज कंपनीची तिथली धरणं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. धरणांमुळे महसीर (आपल्या घाटाकडे त्याला खडस म्हणतात) कमी झाला, म्हणून कंपनीने १९७० च्या दशकात वळवणला महसीरचं बीज केंद्र सुरू केलं. मत्स्यतज्ज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा होता. पैसा विजेचा, म्हणजे कोलोरॅडोला जे २००० साली सुचलं ते इथे आधीच चालू होतं. निळ्या परांचा हा दख्खनी महसीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री, आंतरराष्ट्रीय यादीत 'धोक्यातला' होता. २०२० साली त्याच्यावरचा तो शिक्का निघाला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

पण वळवणची पिल्लं दूरदूरच्या नद्यांत गेली, आणि कावेरीतही गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता, नारिंगी परांचा, पाठीला उंच कुबड असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी एक. निळ्या परांचा पाहुणा तिथे फोफावला आणि कुबडवाला दिसेनासा होत गेला. हे कळलं कसं? तिथल्या गळाच्या तळावर मासा पकडून, वजन करून परत सोडत आणि वहीत लिहून ठेवत. १९९८ ते २०१२ च्या त्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा एकाची चढती आणि दुसऱ्याची उतरती कमान समोर आली. गळवाल्यांच्या वहीनेच साक्ष दिली, हे मान्य करायला हवं. जबड्यात आकडा रुतवून मग 'सोडून दिला' म्हणणं मला पटत नाही, कधी पटणारही नाही. पण नोंद त्यांनी ठेवली, आपण ठेवली नव्हती.

कुबडवाल्या महसीरला २०१८ पर्यंत पक्कं शास्त्रीय नावही नव्हतं. टॉर रेमादेवी हे त्याचं नाव. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतल्या मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. के. रेमा देवी यांच्यावरून ते आलं आहे. एका स्त्रीचं नाव असलेला हा मासा त्याच वर्षी 'अत्यंत संकटग्रस्त' यादीत गेला. त्याआधी वर्षानुवर्षं कावेरीत महसीर सोडले जात होते, समारंभ होत होते, पैसा खर्च होत होता.

इथे मला आपली जीवाणी आठवते. नव्या सुनांसाठी सांगते, नळ आल्यापासून हा शब्दच घरातून गेला आहे. पाणी दुहेरी कापडातून गाळलं की कापडात जे सूक्ष्म जीव राहतात ती जीवाणी. कापड उलटं करून गाळलेल्या पाण्याने हलकेच धुवायचं आणि ते पाणी ज्या विहिरीचं, त्याच विहिरीत परत सोडायचं. या विहिरीची जीवाणी त्या विहिरीत चालत नाही. वरून ओतायची नाही, कारण आपटून जीव मरतील. त्यासाठी तळाला कडी असलेली बादली असे. ती पाण्याला टेकली की दोरीने उलटी करायची. ज्या पाण्याचा जीव त्याच पाण्यात, हा नियम आपल्या घरच्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या पाळला. जर्मन कार्प, ग्रीन नदीतला ट्राउट, कावेरीतला लोणावळ्याचा महसीर, तिन्ही ठिकाणी मोडला तो हाच नियम.

आणि आपणही तो मोडतो. पर्वात काही ठिकाणी बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन नदीत किंवा तलावात सोडतात. भाव निर्मळ असतो यात शंका नाही. पण बाजारात जिवंत काय मिळतं? बहुधा चिलापी, नाहीतर आफ्रिकेचा मागूर. चिलापी १९५२ साली बाहेरून भारतात आणलेला, आज उजनीच्या जलाशयात त्याचाच बोलबाला. आफ्रिकी मागुराच्या पालनावर तर सरकारने बंदी घातली आहे, कारण तो दुसऱ्या माशांना खाऊन संपवतो. त्याला आपण अभयदान देऊन नदीत सोडायचं, आणि नदीतल्या मळ्या-शेंगाळ्यांचं अभय काढून घ्यायचं? शिवाय आपण पर्वात विकत घेणार हे ठाऊक असलं की विकणारा दोन जाळी जास्तच टाकणार.

आमच्या महिला मंडळात यंदा जीवदया खात्याच्या पैशावर हाच विषय निघाला आहे. माझा प्रस्ताव साधा आहे. आपल्या भागातल्या नद्या-ओढ्यांचे मासे उन्हाळ्यात डोहांत तगतात आणि पावसाळ्यात अंडी घालतात. म्हणजे आपला चातुर्मास लागतो, मुनिमहाराज जीवविराधना टाळायला एका जागी थांबतात, तोच त्यांचाही वंश वाढवायचा काळ. एखादा डोह निवडायचा. आषाढ-श्रावणात तिथे जाळं टाकणाऱ्यांच्या घरांना तेवढ्या दिवसांचा तोटा भरून द्यायचा, आणि उन्हाळ्यात तिथे सुरुंग किंवा ब्लिचिंग टाकलं जाऊ नये म्हणून त्यांच्यातल्याच दोघांना राखणीचा पगार द्यायचा. महाडजवळच्या वाळणकोंडात देवीच्या नावाने मासे राखले जातात, तसं देवाचं नाव नसलं तरी चालेल. बाहेरून एकही मासा आणून सोडायचा नाही.

बैठकीत याला विरोध झाला नाही, पण होकारही आलेला नाही. आमच्या खजिनदार काकूंचं म्हणणं असं की टोपलीभर मासे सोडले तर सोडतानाचा फोटो असतो, देणगीदाराला पाठवता येतो. डोहात काहीच न करण्याचे पैसे दिले, तर पावतीवर लिहायचं काय?